जुळ्याचा वाटा

दिवा जरा इकडे सरकव, सांगते.

अमरावतीच्या एका दवाखान्यात मी साफसफाईला आहे. कॅन्सरच्या पेशंटना किरणं देतात ती खोली. आम्ही तिला शेकाची खोली म्हणतो. तिथं जाताना छातीवर बिल्ला लावायचा, अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. त्या दुपारी माझा बिल्ला घरी दोरीवर, कालच्या साडीलाच टाचलेला राहिला होता.

यंत्रामागे वाकून मी फरशी पुसत होते. लाईट गेली, आली. खोली रिकामी समजून यंत्र चालवणाऱ्या शाकीबनं बाहेरून ते तपासायला सुरू केलं. जाड दार लागलं. भिंतीवरचा किरणं मोजायचा मीटर वाजू लागला... टिक, टिक, टिक. मी ओरडले, पण आवाज भिंतींनीच गिळला. फिनाईलच्या वासात जळकट वास मिसळला. आणि समोरचा लाल दिवा एकाएकी झाकला गेला. माझ्याच उंचीचं कोणीतरी मधे उभं होतं.

दार उघडून शाकीब आत धावला. "या अल्ला! मावशी, तुमी आत होत्या? बिल्ला कुठी हाये?"

"घरी... दोरीवर."

बिल्ला नाही, म्हणून रक्त मुंबईला पाठवलं. डॉक्टर वर्षाली मॅडमनी समजावलं, "किरणांनी पेशींतले धागे तुटतात आणि भलत्याच टोकांना जुळतात. असे धागे मोजले, की अंगाला किती लागलं ते कळतं."

माझ्या लेकीचं, खुशीचं लग्न माघात होतं. ते आपल्याला दिसणार का, एवढंच मी रोज देवाला विचारायची.

रिपोर्ट आला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"भागीरथाताई, तुमच्या पेशी धडधाकट आहेत. पण रक्तात थोड्या पेशी पुरुषाच्या आहेत. तुटल्यात त्या तेवढ्याच."

"म्हंजे?"

"जुळ्यांचं रक्त कधीकधी पोटातच मिसळतं, जन्मभर राहतं. पण फक्त त्याच कशा तुटल्या, ते मला नाही सांगता येत... तुम्हाला जुळा भाऊ होता का?"

मी अकोटला आईला फोन लावला. जुळ्याचं विचारलं.

"होता माय. तुह्या आधी आला... रडलाच नाही. भाऊ नाही म्हणून तू चंद्राले ओवाळायची, तवा हे दरसाल तोंडावर येऊन परत जाये."

यंदा भाऊबीजेला मी चंद्राकडे पाहिलं नाही. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, रिकाम्या पाटाला ओवाळलं. डोळे भरून आले. "तुह्यामुळे लेकीचं लग्न पाहीन, दादा. मामा म्हणून तिच्या मागं उभा राहाय."

पाया पडताना पाटाला हात लागला. लाकूड गरम होतं. आणि त्याच्या वर, अगदी हळू... टिक, टिक, टिक.

"दुखते काय रे, दादा?"

टिकटिक लगेच थांबली. कोणी श्वास दाबून धरावा तशी.