नकाशातला उंचवटा

ही गोष्ट खरी आहे. कुणाला थाप वाटत असेल तर त्यानं माझ्या आत्यासमोर येऊन तसं म्हणावं. सोलून काढेल ती.

आत्या सर्व्हेअर. खाणीतून निघालेल्या मातीचा एक डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी कामगारांच्या खोल्या. डोंगर सरकतोय का, हे ती ड्रोननं बघायची. ड्रोन फोटो काढतो, कॉम्प्युटर त्यावरून उंचीचा नकाशा करतो. तो नकाशा खरा की खोटा हे कळायला काही खुणांची उंची मोजणीचं यंत्र बसवलेल्या दांड्यानं हातानं मोजायची आणि ती कॉम्प्युटरपासून लपवून ठेवायची. मग दोन्ही ताडून बघायचं.

दांडा धरायला पूर्वी उंच्या असायचा. ताडमाड माणूस. मागच्या वर्षी डोंगराचा एक भाग घसरला आणि तो त्याखाली गेला.

खाणीच्या साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, 'स्वतःचा निष्काळजीपणा.'

तेव्हापासून आत्याचं डोकं तापलेलंच होतं.

त्या दिवशी भर दुपार होती. रखरखीत ऊन. वारा पडलेला.

आत्यानं ताळा केला. सगळीकडे फरक बोटभर... फक्त माथ्यावरच्या एका खुणेपाशी नकाशा जमीन उंच दाखवत होता.

माणसाएवढी उंच.

आत्याहून चांगली हातभर जास्त.

तिनं फोटो उघडले. चुन्याची पांढरी खूण स्पष्ट दिसत होती. तिथं कोणी नव्हतं. सावलीसुद्धा नव्हती.

"ड्रोनच्या नानाची टांग!" म्हणत तिनं तो परत उडवला.

आता ती खूण बरोबर आली. पण उंचवटा खाली सरकला होता... उताराच्या मध्यावर.

तिसऱ्यांदा उडवला.

उंचवटा खोल्यांच्या मागच्या भिंतीला येऊन टेकला होता.

आत्या तरातरा तिथं गेली. माती वरून ठणठणीत कोरडी. पाय ठेवला तर बूट घोट्यापर्यंत रुतला. खालून पाणी आलं.

पाखरांचा आवाज बंद झाला होता.

आणि मग... टीं. टीं.

दांड्यानं उंची टिपली की वाजतो, तसा.

दांडा गाडीत होता. बंद.

आवाज तिच्या खांद्यामागून आला होता... वरून, उंचावरून.

आत्या मागे वळली नाही. "भीती कसली? त्याला तोंड दाखवायची लाज वाटली," असं ती आजही म्हणते.

ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसली.

"साहेब, खोल्या रिकाम्या करा. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, एका खुणेसाठी? ती खूण काढून टाका. बाकीच्या खुणांची उंची नकाशा करतानाच कॉम्प्युटरात घाला. चूक शून्य येते."

"म्हणजे पेपर आधी फोडायचा आणि पोरगा पहिला आला म्हणून मिरवायचं?"

"रिपोर्ट आज जायला हवा. खोल्या हलवल्या तर काम थांबेल."

"मग तुमची बायकापोरं आणून ठेवा त्या खोल्यांत. लगेच सही करते!"

साहेबांनी कॉम्प्युटर पुढ्यात ओढला. खुणा स्वतःच आत घातल्या, सही ठोकली.

आत्या धावत खाली गेली आणि एकेक दार बडवत सुटली.

"वेड लागलंय का गं तुला?" एक म्हातारी ओरडली.

"हो आजी, लागलंय! आधी बाहेर या, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला."

दिवे लागायच्या आत डोंगर खाली आला.

खोल्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

लोक आत्याचे हात धरून रडत होते. ती मात्र रागानं फणफणत होती. "जिवंत होता तेव्हाही त्यालाच राबवलं. मेल्यावरही त्यालाच ड्युटी! आणि पगार कोण खातं? आम्ही!"

साहेबांना शिक्षा? छे! बढतीवर बदली झाली. तिकडेही मातीचा डोंगर आहे, खाली खोल्या आहेत. परवा तिथला रिपोर्ट आत्याच्या हाती लागला. उंचीतली चूक, शून्य. तिनं तक्रारी केल्या. कुत्रं विचारत नाही.

मी आपली समजूत घालायला म्हटलं, "आत्या, तिथल्या नकाशात तसा उंचवटा तर नाही ना? मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"



"अरे," ती म्हणाली, "त्या डोंगराखाली अजून कोणी मेलेलं नाही... मग तिथं उभं कोण राहणार?"