दोरेवाल्या मावशींचा घास

ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली, तिथे एकानेही विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवणार नाही.

पण खरी आहे. अगदी शंभर टक्के. ज्याच्या घरात घडली तो माझा लहानपणापासूनचा मित्र, आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. आमच्या दोघांत ते खातं माझ्याकडे आहे.

मित्राचा धंदा कवळ्या बनवायचा. सगळी गल्ली त्याला दातवाला म्हणते. खाली कामाची खोली, वर घर, मधे लाकडी जिना. लग्न त्याने केलं नाही. घरात दोनच माणसं, तो आणि त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच असते. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो.

खालच्या खोलीत भिंतभर एक फळी आहे. ज्याचे दात केले, त्याच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा त्या फळीवर. पांढरे जबडे ओळीने बसलेले. दिवसा बघायला गंमत वाटते.

रात्री नाही वाटत.

थंडीचे दिवस होते. ताई पहाटे उठली, स्वयंपाकघरातला दिवा लावला, आणि फळांच्या टोपलीकडे बघतच राहिली. वरून सफरचंद नीट दिसत होतं. उचललं तर...

खालून खाल्लेलं.

चावलेली बाजू खाली करून कुणीतरी ते परत जागेवर ठेवलं होतं. एखादं पोर चोरून खातं आणि लपवतं ना, तसं.

दातवाला हसला. हसायला कारण होतं. लहानपणी ताईला झोपेत उठून खायची खोड होती. साखरेच्या डब्यात हात घालून उभ्या उभ्या घोरताना आईने तिला पकडली होती, आणि सकाळी तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. घरात हा विनोद अजून चालायचा.

"परत सुरू झालं का गं?" त्याने विचारलं.

ताई ओशाळली. आपण नाही, असं ठामपणे म्हणायची सोय नव्हती तिला. झोपेतलं कुणाला ठाऊक?

परत एक गेलं. मग परत. दातवाल्याला चेव चढला. चुलतभावाकडे सगळे जेवायला जमले होते, तिथे भरल्या पंगतीत तो म्हणाला, "आज स्वयंपाकघराला कुलूप घाला रे. आमची ताई मुक्कामाला आहे."

सगळे पोट धरून हसले. ताईसुद्धा हसली. पण तिचा हात ताटातच थांबला, आणि त्या दिवसापासून तिने चारचौघांत दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही.

घरी आल्यावर ती निजताना पायाला दोरी बांधू लागली. एक टोक घोट्याला, दुसरं पलंगाला. गाठ अशी की जागेपणी सोडवतानाही नख मोडावं.

सकाळी गाठ तशीच होती.

आणि टोपलीत... उलटं ठेवलेलं सफरचंद.

तिने भावाला गाठ दाखवली. तो म्हणाला, "सोडून परत बांधत असशील. झोपेत हुशारी वाढते माणसाची."

त्यानंतर ताई या विषयावर बोलायचीच बंद झाली. नाही म्हणेना, हो म्हणेना. दातवाल्याने त्याचा अर्थ आपल्या सोयीने घेतला. काही दिवस भाचीकडे जाऊन राहा, तिथे डॉक्टरला दाखव, असं त्याने सुचवलं. तेही तिने मुकाट्याने ऐकलं आणि कपड्यांची बॅग भरली.

आता गप्प बसला असता तर तो दातवाला कसला? त्याला पुरावा हवा होता. ताई निघायच्या आधी तिच्या हातात ठेवायचा आणि एकदा तोंडून वदवून घ्यायचं, की हो बाबा, मीच खाते. म्हणून त्याने टोपलीतलं ताजं चावलेलं सफरचंद खाली नेलं आणि चावलेल्या खळग्यात प्लास्टर ओतलं. दुसरा कुणी असता तर सफरचंद फेकून मोकळा झाला असता.

प्लास्टर घट्ट झालं. त्याने ते अलगद सोडवलं. फळीवरून ताईचा साचा काढला, तिची एक दाढ बसवताना घेतलेला. शेजारी शेजारी ठेवले.

ताईच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. हसली की दिसते.

प्लास्टरमध्ये फट नव्हती.

प्लास्टरमध्ये पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. जरासेच... पण चढलेले.

दातवाल्याने प्लास्टर दिव्याखाली धरलं. असे दात त्याने उभ्या आयुष्यात एकदाच लावले होते.

गल्लीच्या टोकाला कपडे शिवणारी एक म्हातारी राहायची. जन्मभर दोरा दातानेच तोडला, कात्रीला हात लावला नाही. म्हणून दोरेवाल्या मावशी. दात गेल्यावर ती दातवाल्याकडे आली. त्याने मेणात सुरेख सरळ दात बसवून दाखवले, तर तिने आरसा खाली ठेवला.

"ही कोण परकी बाई?" ती म्हणाली. "माझे होते तसे तिरपे कर रे. आणि झाले की पहिलं सफरचंद खाणार. फोडी करून नाही. कचकन चावून."

सरळ लावलेले दात मुद्दाम वाकडे करायचे. दातवाल्याला ते जिवावर आलं. मावशी यायची, तोंडावर पदर धरून दारात उभी राहायची. तो मान वर न करता म्हणायचा, उद्या या. ती जायची. घरी पातळ काहीतरी पिऊन निजायची. परत यायची. उद्या या.

एक दिवस ती आली नाही.

बातमी कळली त्या रात्री दातवाला जागला आणि दात पुरे केले. तिरपे, तिने सांगितले होते तसे. न्यायला कुणी नव्हतं. डबीत घालून त्याने ते तिच्या साच्याशेजारी ठेवून दिले. हे त्याने ताईलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगणार काय?

आता त्याने ती डबी खाली काढली. झाकण उघडलं...

दात ओले होते.

तिरप्या दातांच्या मधे लाल सालीचा बारीक तुकडा अडकला होता.

तो वर गेला. ताई बॅगेला टेकून बसली होती. माफी मागायला गेला होता. "बॅग सोड," एवढंच म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इथपर्यंत त्याने मला सांगितलेलं. पुढचं मी स्वतः पाहिलंय.

त्या रात्री आम्ही दोघं अंधारात टेबलाशी बसलो होतो. जिन्यावर आवाज आला. टक्... टक्... टक्... एकेक पायरी. दारातून कवळी आत आली. खेकड्यासारखी, आपल्या आपण. टेबलाच्या पायाला चावा घेत घेत वर चढली, आणि...

"खोटं."

हे मी दातवाल्याच्याच दुकानात सांगत होतो. बाकावर गाल धरून बसलेली दोन गिऱ्हाइकं दातदुखी विसरली होती. दातवाला खाली मान घालून कवळी घासत होता. बोलली ती ताई. दाराशी विणत बसली होती, तिने सुयाही खाली ठेवल्या नाहीत.

"अरे थापाड्या, दात चालतात का कधी? आणि तू कुठला आलायस बसायला? मी होते. गाठ शाबूत निघाली, त्याच्या दुसऱ्या रात्री. पलंगावरून उठून दाराआड उभी होते."

दातवाल्याचं घासणं थांबलं.

"दात हा घेऊन आला होता," ताई म्हणाली. "डोळे उघडे, पण गाढ झोपेत. एका हातात दात चिमट्यासारखे धरलेले, दुसऱ्या हातात सफरचंद. आणि पुटपुटत होता, खा मावशी, झाले तुमचे दात."

दातवाल्याचे कान लालभडक झाले. त्याने विचारलं, "मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? तुला कळलं असतं तर तू परत कुणाच्या तोंडात हात घातला असतास? मला हसले लोक तर हसले. मला सवय होती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू पाहिलंस म्हणतोस ना? मग एवढं सांग. चावे दातांनी घेतले, ते मी पाहिलं. त्या वेळी याचं तोंड मिटलेलं होतं. खाली एक कण पडला नव्हता. पण घासागणिक गिळल्याचा आवाज येत होता.

तो कुठून येत होता?"