आन्सेल्मच्या लाकडाचा वाकडा पाईप

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे… नव्हतो, शेजारच्या घरात घोरत होतो. पण पाईप घडवणाऱ्या सोलांजनं मला तिच्या तोंडानं सांगितलंय, आणि ती थापा मारत नाही. आमच्या गल्लीत ते काम माझ्याकडे आहे. दार ओढून घ्या रे पोरांनो, आणि ऐका.

गेल्या वर्षीची दोन फेब्रुवारी. त्या सणाच्या रात्री आमच्या सँ-क्लोद गावात घरोघरी तव्यावर पातळ गोड धिरडी होतात. सोलांज शेवटचं धिरडं संपवून उठली. म्हणाली, "खाली कारखान्यात जाऊन बाबांच्या त्या लाकडी ठोकळ्याला भोक पाडून येते."

"जाऊ नकोस," तिची आई म्हणाली. "तुझा बाप आहे खाली."

"बाबांना ऑक्टोबरातच पुरलं की गं आपण!"

"म्हणून काय झालं? हट्टी माणूस तो."

तिचा बाप आन्सेल्म हट्टी होताच. जन्मभर त्यानं तंबाखू ओढायचे पाईप घडवले, तेही सरळच. वाकडा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "वाकडा पाईप म्हणजे मोरी. तळाशी लाळ तुंबते, गुळगुळ वाजतो. पुढच्या दुकानात जा!" सोलांज समजवायची, "अहो बाबा, वाकडा दातांना जड होत नाही. हात मोकळे राहतात."

"कशाला हवेत मोकळे? मला मारायला?"

आणि लेकीनं घडवलेल्या पाईपवरही ठसा कायम बापाच्याच नावाचा. आता त्यानं वर्षानुवर्षं जपून वाळवलेला एकच ठोकळा उरला होता. ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाचा, ज्वाळेसारख्या उभ्या रेषांचा. त्याचा ती वाकडा पाईप करणार होती, आणि त्यावर पहिल्यांदाच स्वतःचं नाव ठोकणार होती. धुराचं भोक केसभर चुकलं, की ठोकळा चुलीत.

तिनं दिवा लावला. ठोकळ्यावर पेन्सिलनं वाकड्या पाईपच्या भोकाची तिरपी रेघ ओढली आणि यंत्राला गिरमिट लावायला वळली. परत पाहते तर तिरपी रेघ नाही. तिच्या जागी सरळ रेघ.

"दमलेय मी," ती म्हणाली. रेघ पुसली, पुन्हा तिरपी ओढली. या वेळी नजर हलवली नाही.

तिच्या डोळ्यांदेखत रेघ फिकी झाली. शेजारी दुसरी उमटू लागली. हळूहळू. सरळ.

तंबाखूचा वास आला.

"बाबा?"

…

"बाबा, तुम्हीच ना?"

…

मागं कुणीतरी खाकरलं. नापसंतीनं.

सोलांजनं पेन्सिल भिंतीवर भिरकावली. "जा, रेघेशिवाय करते! मेलात ना? मग मेल्यासारखे गप्प पडा!"

यंत्र घरघरलं. तिनं ठोकळा पुढं सरकवला. मनगटावर बोटं आली. गार. दाबू लागली. सरळ… सरळ… तिचा हात थरथरला.

"सोडा."

सोडेनात.

"आजवर तुमचंच ऐकलं. हा ठोकळा माझा आहे. फुटला तरी माझा."

…

…

बोटं निघाली.

गिरमिट आत गेलं. तिरपं. नेमकं तंबाखू भरायच्या भांड्याच्या तळाशी निघालं.

पहाटेपर्यंत तिनं पाईप घासूनपुसून तयार केला, काळी नळी बसवली, खाली स्वतःचं नाव ठोकलं. कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घेऊन झोपली.

सकाळी मायलेकी खाली आल्या. कुलूप जसंच्या तसं. टेबलावर पाईप. ठेवला तेव्हा कोरा, कुणी कधी न पेटवलेला.

सोलांजनं उचलला तर हाताला गरम लागला. भांड्यात तळापर्यंत पांढरी, कोरडी राख. ओल्या तंबाखूची एक काडीसुद्धा शिल्लक नाही. लाळ कुठं तुंबलीच नव्हती.

आता खरं सांगतो. एक गोष्ट मी पदरची घातली. तिचा हात थरथरला म्हणालो ना?

नाही थरथरला.