तळाच्या ओळीतली रिकामी जागा

कातडीचे काप रंगवायच्या गुलाबी रंगाची बाटली घेऊन ती वळली आणि दारातून येणाऱ्या तरुणावर थेट आदळली. शिंतोडे त्याच्या काखेतल्या गुंडाळीवर!

“अहो, जरा बघून... महिन्याची मेहनत आहे!”

तो चित्रकार. विद्यार्थ्यांसाठी कातडीचा तक्ता रंगवत होता. ती कातडीचे केसाहून पातळ काप काढायची, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला ‘कापवाली’च म्हणत. तक्ता तपासायचा होता तिनेच.

“नशीब तुमचं, चरबीच्या थरावर सांडलंय,” ती तक्ता उलगडत म्हणाली. “तिला काय, कितीही माखा! पण ही घामाची ग्रंथी भलतीकडेच गेलीय. सुधारून आणा.”

मग केसाचं मूळ वाकडं निघालं. मग एक रक्तवाहिनी जाड. चुका एवढ्याशा असत, पण त्या सापडल्या की तिला उगीच बरं वाटे...

चौथ्या खेपेला तिचं बोट वरच्या त्वचेच्या तळाच्या ओळीत थबकलं.

“इथे रंगपेशी कुठेयत? आठ-दहा पेशींमागे एक तरी हवी.”

“रंग संपला हो,” तो ओशाळला. “नंतर राहूनच गेलं. अशी कातडी कुठे असते?”

“असते.”

आईने तिच्या सगळ्या कपड्यांच्या बाह्या मनगटापर्यंत शिवल्या होत्या. तरी दोन ठिकाणी जमत आलेलं लग्न मोडलं होतं. आज तिने स्वतःहून बटण काढलं. मनगटाभोवती पांढरा डाग — कडेला नागमोडी.

तो डागाकडे बघत राहिला. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. झालं, आता तक्ता गुंडाळून हाही निघून जाणार...

त्याने पेन्सिल काढली. रिकाम्या जागेकडे बाण काढून समासात लिहिलं : ‘काहींची कातडी अशीही असते.’

“आता तक्ता बरोबर ना?”

तिने मान डोलावली.

“हात धरू?” त्याने हळूच विचारलं.

“वरच्या पेशी महिन्याभरात झडून जातात,” ती डोळे टिपत म्हणाली. “तुम्ही धरलेलं काही उरायचं नाही.”

“मग दर महिन्याला येऊन धरावा लागेल.”

“महिना?” तिने हात पुढे केला. “...महिना फार होतो.”