दीड मिलिमीटरची चोरी

ब्लाउज टेबलावर येऊन आदळला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“घाला,” मोनिका म्हणाली. “तुम्हीच घालून दाखवा. छत्तीसचा आहे म्हणे! हुक लागतोय का बघा.”

रुक्मिणीबाईंनी गळ्यातली टेप काढली. ब्लाउज उलटा केला, छातीवर टेप धरली आणि पुन्हा एकदा धरली.

“पस्तीससुद्धा भरंना. माझ्या मापात हे व्हायचंच न्हाई. कुठनं घेतलीस ही फाइल?”

“व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आली. वीस रुपयांत. वर तुमचंच नाव आहे की. रुक्मिणी टेलरिंग क्लास, काळेवाडी.”

रुक्मिणीबाईंची ब्लाउज-कटिंगची फाइल एकशे एकोणपन्नास रुपयांना मिळत होती, आणि ती एकाच ठिकाणी. वीस रुपयांत त्यांनी कुणाला काही विकलं नव्हतं.

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या उत्कर्षानं कप खाली ठेवला. ती चाकणला गिअरचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होती. गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी, आणि सुट्टीची सकाळ रुक्मिणीमावशींकडे हे तिचं ठरलेलं. शिवण ती इथेच शिकली होती. शिवणकाम कच्चंच राहिलं, पण माणूस मात्र जोडलं गेलं.

मोनिका पाय आपटत गेली. मावशींच्या फोनवर तोवर सतरा मेसेज आले होते. कुणाचा ब्लाउज काखेत आवळला होता, कुणी कापड वाया गेलं म्हणून भरपाई मागत होतं. एकीनं सरळ लिहिलं होतं, ‘बाईंचा हात आता गेला.’

बावन्न वर्षांच्या रुक्मिणीबाई लातूरकडून नवऱ्याच्या नोकरीपायी काळेवाडीत आल्या त्याला तीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरानं “मावशी, तुम्हाला नाही झेपणार” म्हटलं, आणि तेवढ्या रागावर त्या कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायला शिकल्या. बायकांनी फाइल विकत घ्यायची, घरी छापायची, कागद कापडावर ठेवून कापायचं. धंदा उभा राहिला तो नुसत्या मापाच्या भरवशावर. मापाचं नाव गेलं की सगळंच गेलं.

“म्या तवाच म्हणलं होतं,” मावशींचे यजमान सोपानराव आतल्या खोलीतून बोलले. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते हेच वाक्य दिवसातून चारदा म्हणायचे. “प्रीतमचं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती. पोरगं कागद घेऊन पाचला येतंय. सही करून मोकळी हो.”

प्रीतम हा त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. लोकांना वेबसाइटी करून द्यायचा त्याचा धंदा.

“कसला कागद?” उत्कर्षानं विचारलं.

“तीन वर्षांचा करार. माझे सगळे पॅटर्न त्याच्या कंपनीच्या नावावर. विकायचं त्यानं, मला म्हयन्याला ठरावीक पैसे. म्हणतो, तुमचं नाव आता बाजारात चालायचं न्हाई, आमच्या नावानं विकू.” मावशींनी हातातली टेप बोटाला गुंडाळली. “पोरी, खरं सांगू? सकाळपास्नं मलाबी तसंच वाटायलंय.”

उत्कर्षाला संताप आला. स्वतःच्या नावाला बाई स्वतःच भिऊ लागली होती, हे तिला सहन होईना.

“पाचला अजून वेळ आहे. मी विचारते त्याची नीट उत्तरं द्या. फाइल विकायला हा ऑनलाइन प्लॅटफॉर्म निवडला कुणी?”

“मीच. चार म्हयने झाले. एका मोठ्या बाजारात दर विक्रीमागं तिसरा हिस्सा कापायचे. दुसरीकडं म्हयन्याला भाडं, फाइल विको न विको. प्रीतम वेबसाइटीचे वर्षाला चाळीस हजार सांगत होता. माझ्याकडं काय झाड हाय का पैशाचं? ह्या छोट्या कंपनीचं भाडंच न्हाई. विकलं तर शंभरातले आठ त्यांचे. वर फाइल घेणारीचा ईमेल पानापानाच्या तळाला आपोआप छापून येतो. म्हणलं, चोरी झाली तर कुणी केली ते कळंल.”

“आणि वीस रुपयांच्या फाइलीवर ईमेल आहे?”

“कुणाचाच न्हाई.”

“तुमची फाइल कुणाकुणाच्या हाती गेली?”

“निरंजनच्या. त्यानं ऑनलाइन दुकान मांडून दिलं. मग विकत घेणाऱ्या बायका. त्यात नेहाबी हाय.” मावशी थांबल्या. “त्याच्या आधी प्रीतमच्या हापिसात प्रिंट काढला होता. पयला प्रिंट लहान आला, कोपऱ्यातला चौकोन मोजला की लगेच कळलं. म्हणलं, फेकून दे, दुसरा काढ. दुसरा बरोबर आला. त्यो घेतला, पेन ड्राइव्ह घेतला, घरी आले. पेन ड्राइव्ह मी हातातनं सोडलाच न्हाई.”

“मग तीच फाइल निरंजनला दिली?”

“न्हाई, आधी त्या कागदावरनं एक ब्लाउज शिवून बघितला. काय काय दुरुस्त केलं, मग दिली.”

पानापानावरचा चौकोन ही उत्कर्षाचीच कल्पना. छापल्यावर तो बरोबर पाच सेंटिमीटर भरला पाहिजे. भरला तर बाकीचं माप बरोबर.

खालच्या झेरॉक्सच्या दुकानात तिनं दोन्ही फाइली एकाच मशीनवर, पूर्ण मापात छापून घेतल्या. मग पर्समधून स्वतःच्या पैशानं घेतलेला, मिलिमीटरचा अंशही मोजणारा व्हर्निअर काढला. दुकानदार बघतच राहिला.

मावशींच्या फाइलीतला चौकोन पन्नास मिलिमीटर. वीस रुपयांच्या फाइलीतला साडेअठ्ठेचाळीस. बाराच्या बारा पानांवर तेवढाच. शिवाय या दुसऱ्या फाइलीतल्या रेषा थोड्या कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

निरंजन मावशींच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. हिंजवडीत नोकरी, आज घरून काम.

“ऑनलाइन दुकानाचा पासवर्ड कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे आणि मावशींकडे.”

“ईमेल न छापलेली मूळ फाइल तुझ्याकडे आहे?”

“आहे.” त्यानं चष्मा काढला. “म्हणजे पहिला संशय माझ्यावर. बरोबर ना, ताई?”

“बरोबर. फाइल मिळाल्यावर तू तिच्यात काही बदललंस?”

“काहीच नाही. मिळाली तशी चढवली. ही बघा तारीख. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.”

तिथून उत्कर्षा पिंपरी कॅम्पात गेली. कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर नेहाचा क्लास होता. नेहा मावशींचीच विद्यार्थिनी. वर्षापूर्वी दोघींचं वाजलं आणि तिनं वेगळी चूल मांडली.

“मी चोरली म्हणता?” नेहा उभ्या उभ्याच बोलली. “अहो, मी चोरली असती तर माझ्या नावानं विकली असती. त्यांच्या नावानं विकून मला काय मिळणार?”

उत्कर्षाला हे पटलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

“तुम्ही घेतलेली फाइल बघू.”

नेहानं छापलेले कागद पुढे टाकले. प्रत्येक पानाच्या तळाला तिचा ईमेल होता.

“आमचं भांडण झालंय, पण माप त्यांचंच वापरते मी. आणि ती वीस रुपयेवाली? फालतू! बाहीला खाचच नाही तिच्यात. बाहीची पुढची बाजू कोणती, मागची कोणती, नवख्या बाईला कळायचं कसं?”

उत्कर्षानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. मावशींच्या बाहीवर काठाला एक छोटी तिरपी खूण होती. दुसऱ्या कागदावर तिथं कोरी रेघ होती. तिनं तिथूनच मावशींना फोन लावला. एकच प्रश्न विचारला, एकच उत्तर मिळालं.

प्रीतमचं ऑफिस मुख्य रस्त्यावर होतं. काचेचं दार, गार हवा, टेबलावर कराराचे कागद तयार.

“मी काकूंना आधीच वॉर्निंग दिली होती, ताई. आठ टक्क्यांत काय सिक्युरिटी मिळणार? लोकांना सगळं स्वस्तात पाहिजे, आणि वर सेफ पण पाहिजे.”

“तुमच्याकडे सुरक्षित असतं?”

“हंड्रेड पर्सेंट. ऑफिसात मी एकटा. क्लायंटचा एक कागद बाहेर जात नाही. कचऱ्यात सुद्धा नाही. चुकलेला प्रिंट मी स्वतः मशीनमध्ये घालून फाडतो.”

“काकूंचा चुकलेला प्रिंटसुद्धा?”

“ऑफकोर्स.”

“वीस रुपयांची फाइल तुम्ही पाहिलीत?”

“छे! असल्या गोष्टींना टाइम कुणाला आहे?”

पाच वाजता रुक्मिणीबाईंच्या शिवणखोलीत करार टेबलावर आला, त्यावर पेनही आलं. उत्कर्षानं बोलावलं म्हणून निरंजन आला होता. नेहा दाराशीच उभी राहिली, कारण आत या असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

“आधी मी बोलते,” उत्कर्षा म्हणाली. “सही त्यानंतर.”

“आता काय बोलायचं राहिलंय?” सोपानराव कुरकुरले.

“चोर कोण ते.”

तिनं वीस रुपयांच्या फाइलीचे कागद टेबलावर पसरले.

“या फाइलीतला चौकोन दीड मिलिमीटरनं लहान आहे. सगळ्या पानांवर सारखाच.”

“बायकांनी प्रिंट नीट काढला नसेल,” प्रीतम म्हणाला. “कागदात बसव असं बटण असतं. ते दाबलं की छोटं येतं.”

“मी दोन्ही एकाच मशीनवर पूर्ण मापात छापल्या. म्हणजे ही फाइल मुळातच लहान आहे. तुम्ही म्हणता तेच बटण कुणीतरी दाबलं, लहान कागद निघाले, आणि त्या कागदांचं स्कॅन करून ही फाइल बनवली. रेषा कुरतडलेल्या आहेत त्या त्यामुळे. चोरी प्लॅटफॉर्मवरून झालेली नाही. कागदावरून झाली आहे.”

निरंजननं मोठा श्वास सोडला.

“निरंजनकडे मूळ फाइल होती. कागद स्कॅन करायची त्याला गरजच नव्हती.”

“मग हिनं केलं असंल,” सोपानरावांनी दाराकडे हात केला.

“नेहाच्या कागदांवर तिचा ईमेल आहे. तो पुसता येईल असं धरू. पण बाहीवर खाच आहे, आणि चोरीच्या फाइलीत ती नाही. मावशी, खाच तुम्ही कधी घातली?”

“दुपारी फोनवर सांगितलं की. प्रीतमच्या हापिसातनं आल्यावर. ब्लाउज शिवताना माझीच बाही उलटी लागली, तवा घातली. मग निरंजनला दिली.”

“म्हणजे विक्रीला गेलेल्या प्रत्येक फाइलीत खाच आहे. खाच नसलेले कागद जगात दोनदाच छापले गेले, दोन्ही वेळा एकाच ऑफिसात. दुसरा संच मापात बरोबर होता, तो मावशींकडे आहे. पहिला लहान होता.”

प्रीतमनं हात झटकला. “कचऱ्यातनं कुणी उचलला असेल. मला काय माहीत?”

“कचऱ्यात कागद जातच नाही असं दुपारी तुम्हीच म्हणालात. चुकलेला प्रिंट तुम्ही स्वतः फाडता, आणि ऑफिसात दुसरं कुणी नसतं. आमच्या कंपनीत रिजेक्ट माल लाल पेटीत टाकतात, आणि माझ्यासमोर तो तोडतात. का माहीत आहे? न तोडलेला तुकडा कधीतरी चांगल्या मालात मिसळतो. तुम्ही तो फाडला नाहीत, प्रीतम. जपून ठेवलात.”

“पण लहान म्हणजे असा किती लहान होता?” प्रीतम उसळला. “दिसायला तर सेम टू सेम—”

तो थांबला. बोलून गेल्यावर थांबून उपयोग नव्हता.

“दिसायला,” नेहा दारातून म्हणाली. “छातीला एक इंच कमी पडतं, भावा. बाईला श्वास घेता येत नाही.”

प्रीतम काकूंकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. “काकू, तुमच्या भल्यासाठीच केलं. कुठल्या तरी फडतूस ठिकाणी विकत बसला होता. जरा धक्का बसल्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही असं वाटलं. माप बिघडेल हे मला खरंच कळलं नाही.”

रुक्मिणीबाईंनी करार उचलला आणि कागद कापायच्या कात्रीनं मधोमध कापला. घाई केली नाही. मग फोन हातात घेऊन एका बोटानं टाइप करू लागल्या, आणि टाइप करता करता मोठ्यानं वाचू लागल्या.

“वीस रुपयाची फाइल चोरीची हाय. तिचं माप खोटं हाय. ज्यांनी घेतली त्यांना खरी फाइल मी फुकट देणार. माझं दुकान जिथं होतं तिथंच राहणार, भाव बी तोच. आन ही चोरी केली—”

“काकू, नाव नका टाकू,” प्रीतम पुढे आला. “माझा धंदा बसेल. घरातली गोष्ट आहे.”

“घरातलंच पोरगं हाय,” सोपानराव हळूच म्हणाले. “माझ्या भावाचं.”

“आन मी कुणाची हाय, ओ?” रुक्मिणीबाईंनी मान वर केली नाही. “सकाळपास्नं अख्ख्या काळेवाडीनं मला शिव्या घातल्या. तवा तुमी आतल्या खोलीतनं सही कर म्हणत होता.”



“काकू, प्लीज.”

“प्रीतम, त्या खोट्या मापावर माझं नाव टाकताना मला इचारलं होतंस?”

रुक्मिणीबाईंनी त्याचं नाव आडनावासकट लिहिलं, त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि ती वीस रुपयांची फाइल जिथं फिरली होती त्या दोनशे चौदा बायकांच्या ग्रुपवर मेसेज पाठवून दिला.