मोरिता-सानच्या उशाची उत्तर

सकाळी सात वाजता, इचिकावातल्या एका वृद्धाश्रमात, न्याहारी घेऊन गेलेल्या बाईला मोरिता-सान खाटेवर थरथरत बसलेल्या दिसल्या. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर 北, म्हणजे ‘उत्तर’ हे अक्षर लिहिलेला लांब कागदी पट लटकत होता.

बुद्धाने देह ठेवला तो उत्तरेला डोकं करून. म्हणून जपानमध्ये उत्तरेला उशी फक्त प्रेताची. हे अक्षर नेहमी खोलीच्या उत्तर भिंतीवर असायचं; म्हणजे कोणीतरी खाट फिरवून आपल्या मरणाची तयारी केली, असं आजींनी धरलं.

आठच्या आत खापर तिथे काम करणाऱ्या नेत्रावर फुटलं. आदल्या दुपारी आजींचं अंथरूण तिनेच घातलं होतं. तिने खाट फिरवली, परदेशी बाईला रीत काय कळणार, असं म्हणून मॅनेजर ओगावांनी तिला कामावरून काढलं. तिचा व्हिसा याच नोकरीवर होता.

नेत्रा सारंगची मावसबहीण. कावासाकीच्या ऑफिसला सुट्टी टाकून सारंग धावत आला. बायकोलाही घेऊन आला. केतकी टोकियोत खासगी तपासाचं काम करायची.

“दादा, मी फक्त चादर बदलली,” नेत्रा फाटकाशीच म्हणाली. “ते अक्षर तेव्हा पायाकडच्या भिंतीवर होतं. आणि उत्तरेला उशी करू नये, हे आईने मला कधीच शिकवलंय. मला रीत शिकवतात!”

“त्या ओगावाला मी—”

“आधी खोली बघू,” केतकी म्हणाली. “मारामारी नंतर.”

आत फरशीला ताजं पॉलिश होतं, कोपऱ्याकोपऱ्यात फुलं. “अकराला नगरपालिकेचे तपासनीस येताहेत,” ओगावा म्हणाले. “लवकर आटपा.”

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथल्या उशाच्या भिंतीवर मदतीच्या बेलचं लाल बटण सारंगला दिसलं. मोरिता-सानच्या उशाशी फक्त तो अक्षराचा लांबलचक पट होता, खाली पार खाटेमागे गेलेला.

आजी उशाला पाठ टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. आडवं व्हायला तयार नव्हत्या.

“माझ्या नवऱ्याने लिहिलंय.” त्यांचा आवाज पार बसला होता. “तो उत्तरेचा, होक्काइदोचा. या अक्षराचं जुनं रूप म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन माणसं. शत्रूला पाठ दाखवली की हार, म्हणून पराभवाच्या शब्दातही हेच अक्षर. आमचं भांडण झालं की तो म्हणायचा, आज उत्तर झोपलीय घरात.”

“घसा कशाने बसला, आजी?” केतकीने विचारलं.

“पहाटे हे डोक्यामागे दिसलं, तेव्हापासून हाका मारत होते. कोणी आलं नाही.”

रात्रपाळीचे नाकामुरा-सान उखडलेच. “बेल वाजली असती तर पळत आलो असतो! रात्रभर वाजलीच नाही.”

केतकीने गालिच्यात खोल रुतलेले खाटेचे पाय पाहिले. पायाकडच्या भिंतीला चिकटवलेल्या कागदाचा एक लांब पट्टा बाकीच्यापेक्षा उजळ होता. मग तिने पडदा सरकवला. सकाळचं ऊन थेट आजींच्या उजव्या हातावर पडलं.

“खाट कोणी हलवलीच नाही,” ती म्हणाली. “गालिच्यात दुसरीकडे कुठेच खळगे नाहीत.”

“मग उत्तर उशाशी आली कशी?” सारंगने विचारलं.

“आलीच नाही. ऊन पूर्वेचं, आजींच्या उजव्या हाताला. म्हणजे त्यांचं तोंड उत्तरेला आणि डोकं दक्षिणेला. नेत्राचं काही चुकलं नाही. हललं ते अक्षर. त्या उजळ पट्ट्यावर ते होतं. काल दुपारनंतर इकडे आलं.”

“नाकामुरांनी?”

“बेल लपवणारा स्वतःहून बेलचं नाव काढेल?”

केतकीने पट वर उचलला. मागे बेलची फुटलेली पट्टी होती आणि लोंबणाऱ्या तारा. बटण नव्हतंच.

“दुरुस्तीला दिलंय,” ओगावा पुटपुटले.

“आणि तपासनिसांना दिसू नये म्हणून झाकलंत. तपासणीत जाब द्यायचा होता तो तुम्हालाच. आजी घाबरल्या, तेव्हा अक्षर मीच हलवलं असं सांगता येईना. म्हणून परदेशी पोरगी पुढे केलीत.”

सारंगने मुठी आवळल्या. “तिचं पोट मारताना लाज वाटली नाही?”



“हाका मारता मारता मी मेले असते तर?” मोरिता-सान म्हणाल्या. “तर अक्षराची जागा बरोबर ठरली असती, नाही का?”

अकराला तपासनिसांनी तारांचे फोटो घेतले. दुपारी ओगावांना मुख्य कार्यालयात बोलावलं गेलं.

संध्याकाळी त्याच कार्यालयातून नेत्राला फोन आला. तिला काढण्याचा निर्णय मागे घ्यायचा की नाही, यावर अजून विचार चालू आहे.