शामरावांचं सहावं बोट

दिवा जरा मोठा कर पोरी, म्हणजे सांगते. घाबरशील तर घाबर, पण मी त्या दुपारी अजिबात घाबरले नव्हते. घाबरले ती नंतर.

छप्पन सालचा जानेवारी. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटलेली, नायगावात संचारबंदी. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तासांची सूट मिळाली. बायका भाजीला धावल्या आणि सातव्या महिन्यातली मी परळला, कॉलेजात उबवायला ठेवलेली अंडी फिरवायला निघाले. माझे बाबा, शामराव, तिथल्या प्रयोगशाळेत शिपाई होते; अंडी फिरवणं, उबेचा दिवा भरणं त्यांचंच काम. दिवाळीत ते तापाने गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं.

कोंबडीच्या पायाला चार बोटं असतात. आमचे डिमेलो सर पाच बोटांच्या कोंबड्या पाळून त्यांची अंडी उबवत. अंड्यातल्या पिल्लाचा पाय आधी नुसता वल्ह्यासारखा असतो, त्याला कुठे नि किती बोटं फुटायची ते जनुकं ठरवतात, असं ते समजावत. बाबांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. सर त्यांना लाडाने आपला खास नमुना म्हणत आणि बाबा तो हात कॉलेजभर मिरवत. माझे हात मात्र चारचौघींसारखे. बाबांचं बोट बाबांबरोबरच संपलं म्हणून मी रडत बसले होते, तेव्हा सर म्हणाले, "जनुक एखाद्या पिढीत गप्प बसतं दुर्गा, पुढच्या पिढीत बोलतं." तेव्हापासून मला माझ्या बाळाला ते बोट हवंच होतं.

प्रयोगशाळेचं कुलूप मीच उघडलं. उबवण्याच्या पेटीखालच्या दिव्यात जेमतेम एका दिवसाचं रॉकेल मावायचं, म्हणजे अंडी केव्हाच गार पडलेली असणार. पण दार लोटलं आणि ऊब अंगावर आली. रॉकेलचा वास, काचेआड पिवळी ज्योत... आणि अंडी घरंगळल्याचा बारीक आवाज. एकेक अंडं अगदी हळू, आपोआप कुशीवर वळत होतं. शेवटचं वळलं आणि आवाज थांबला.

"बाबा...?" मी म्हटलं.

पोटात बाळाने अशी सणसणीत लाथ मारली की मी टेबल धरून हसतच सुटले. उजेडात धरलं तर प्रत्येक अंड्यात इवलंसं काळीज धडधडत होतं. दिव्यात रॉकेल भरून मी गाणं गुणगुणत घरी आले.

मार्चमध्ये मुलगा झाला. डाव्या हाताला सहा बोटं. मला आभाळ ठेंगणं झालं. चाळभर पेढे वाटले, शेजारच्या सुंदराबाई तर जिन्यातच नाचल्या. डिमेलो सर भिंग घेऊनच आले. कौतुकाने बोट निरखता निरखता त्यांनी भिंग एकदम आणखी जवळ नेलं. सहाव्या बोटाच्या टोकाला भाजल्याचा डाग होता.

"ह्यांचाच तो डाग," आई म्हणाली. "पेटीचा दिवा लावताना भाजले होते, दुर्गाच्या लग्नाच्या वर्षी."

सरांनी भिंग खिशात ठेवलं. "बोट जनुकातून येतं," ते हळूच म्हणाले. "भाजलेलं... येत नाही."

मी बाळाचा हात हातात घेतला. हात थंडगार होता, आणि तेवढंच एक बोट गरम.